मांडवी कोणती? एका घुबडाच्या चिठ्ठीची गोष्ट

मागच्या दिवाळीत किनवटला घरी गेले होते. शेजारचा एक मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, रानपिंगळा नावाचं घुबड शेवटचं १९१४ साली मांडवीला सापडलं होतं म्हणे. आपल्या मांडवीला का?"

किनवट तालुक्यात मांडवी आहे, हे नांदेडकडच्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: किनवट म्हणजे नांदेड जिल्ह्याचा अगदी टोकाचा तालुका. पैनगंगा, सागवानाचं जंगल, गोंड-कोलाम-आंध वस्त्या, आणि स्टेशनवर उभं राहिलं की पुढची गाडी आदिलाबादला जाते.

मी हसले. म्हटलं, "अरे, ती मांडवी गुजरातेतली. सुरतेकडची, तापीकाठची." त्याने वहीत खोडून दुरुस्ती केली. मला जरा बरंही वाटलं. आपण पीएच.डी. करतोय, एवढं तर आपल्याला माहीत असायलाच पाहिजे ना!

रात्री सहज पुन्हा तपासायला बसले आणि लक्षात आलं की माझं उत्तरही चुकलेलं होतं. चिठ्ठीवरची मांडवी गुजरातेतलीच, हे खरं. पण ते घुबड त्या मांडवीलाही कधी सापडलेलं नव्हतं. ती चिठ्ठीच खोटी होती. मी एका चुकीच्या माहितीतली छोटी चूक काढली होती आणि मोठी तशीच त्याच्या वहीत ठेवली होती.

संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांसाठी आज हीच गोष्ट लिहायची आहे. प्रवेश परीक्षेसाठी तुम्ही सामान्य ज्ञानाच्या अशा शेकडो "आश्चर्यकारक" ओळी पाठ करता. मीही केल्या आहेत. संशोधनाला लागल्यावर त्याच ओळींकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. ते कसं, हे रानपिंगळ्याइतकं चांगलं दुसरं कोणी शिकवत नाही.

सात पक्षी आणि ११३ वर्षं

आधी पक्षी समजून घ्या. आपल्या घराजवळच्या झाडावर, जुन्या वाड्याच्या भिंतीत दिसतो तो साधा पिंगळा. डोक्यावर पांढरे ठिपके, सांजवेळी चिरचिर करणारा. पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला नाव मिळालं ते याच पक्ष्यावरून. रानपिंगळा त्याचा जंगलातला नातेवाईक. याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पंखांवरचे पट्टे ठसठशीत असतात आणि पाय पिसांनी चांगले झाकलेले, नखं दणकट.

१८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लुइट या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात बसना-फुलझर परिसरात एक पक्षी मिळवला. तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे गेला. हो, तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेसाठी पाठ करतो. ह्यूम त्या काळातले भारतातले सगळ्यात मोठे पक्षी-संग्राहकही होते. त्यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि ब्लुइटचं नाव त्याला दिलं. १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओडिशातल्या खरियारजवळ आणखी एक मिळाला. बाकीचे मिळवले जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने, आपल्या खानदेशात, १८८० ते १८८४ च्या दरम्यान.

झालं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या जातीचे सातच नमुने. १८८४ नंतर खात्रीचा एकही नाही.

मग मध्येच एक वेगळीच नोंद दिसते. चिठ्ठीवर तारीख ऑक्टोबर १९१४ ची, ठिकाण मांडवी, संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन.

चिठ्ठी म्हणजे काय असतं

इथे थोडं थांबू. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वाटतं की मेलेल्या पक्ष्याशी आपला काय संबंध? माझ्या मते फार जवळचा आहे.

संग्रहालयातला पक्षी म्हणजे आतलं मांस काढून, कापूस भरून, शिवून, वाळवलेली कातडी. तिच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. त्यावर तारीख, ठिकाण, नर की मादी, कोणी मिळवला. ती चिठ्ठी काढून टाका. उरतं काय? एक वाळकं पाखरू. ते कुठलं, कधीचं, कुठल्या जंगलातलं, काहीच सांगता येणार नाही. म्हणजे त्या वस्तूचं पुरावा म्हणून जे काही मोल आहे ते सगळं त्या चिठ्ठीच्या भरवशावर आहे.

आता तुमच्या अभ्यासाचा विचार करा. ताम्रपटाच्या बाबतीत तो कुठल्या शेतात नांगराला लागला ही नोंद, मोडी कागदाच्या बाबतीत तो कुठल्या दफ्तरातल्या कुठल्या रुमालातला हे, मुलाखतीच्या बाबतीत कोणी, कधी, कुणासमोर सांगितलं हे. या सगळ्या चिठ्ठ्याच. वस्तू खरी आणि चिठ्ठी खोटी असू शकते. रानपिंगळ्याच्या बाबतीत नेमकं तसंच झालं होतं.

चोर कसा सापडला

माइनर्ट्झहागन हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. पक्षीशास्त्रात त्याचा मोठा दबदबा. त्याने आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला, आणि अशा दानशूर माणसावर संशय घ्यायला कुणी तयार नव्हतं. खरं तर १९१९ मध्ये परवानगीशिवाय नमुने नेल्यामुळे याच म्युझियमच्या पक्षी-विभागात त्याला काही काळ प्रवेशबंदी झाली होती. पण ती कुजबुज फायलीत राहिली आणि त्याची पुस्तकं बाहेर फिरत राहिली.

१९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी त्याच्या संग्रहातल्या काही छोट्या पक्ष्यांच्या नोंदी खोट्या असल्याचं छापलं. त्यानंतर अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी भारतीय पक्ष्यांकडे मोर्चा वळवला. त्या दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकावर काम करत होत्या. कुठला पक्षी कुठे मिळतो याचे नकाशे करायचे, तर प्रत्येक नोंद खरी हवी.

त्यांनी वापरलेली पद्धत बघा. पक्षी सोलायची, भरायची, शिवायची प्रत्येक संग्राहकाची स्वतःची सवय असते. कुणी कापूस किती भरतो, टाके कुठून घालतो, हाडं कुठे तोडतो. तुमच्या आईची आणि काकूची करंजी मुरडायची तऱ्हा तुम्ही ताटात ओळखता ना, तसंच. मांडवीच्या म्हणून ठेवलेल्या रानपिंगळ्याचा एक्स-रे काढला आणि कातडी बारकाईने तपासली. ती एकदा भरलेली कातडी पुन्हा उसवून, नव्याने भरून शिवलेली निघाली. आणि मूळच्या कामाच्या ज्या खुणा उरल्या होत्या, त्या डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या.

अर्थ सरळ आहे. डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला एक पक्षी म्युझियममधून चोरला गेला, त्याचं रूप बदललं आणि पायाला नवी चिठ्ठी बांधली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सगळं १९९९ मध्ये "आयबिस" या पक्षीशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं.

माझ्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थिनीला आणखी एक गोष्ट खटकली. नोव्हेंबर १९१४ च्या सुरुवातीला हा माणूस पूर्व आफ्रिकेत टांगाच्या लढाईत होता. फौज मुंबईहून समुद्रमार्गे गेली. म्हणजे ज्या महिन्यात पक्षी टिपल्याचं तो सांगतो, त्याच महिन्यात तो युद्धावर निघालेला होता. पण सावधान! एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. निघण्याआधी माणूस एखादा दिवस जंगलात जाऊही शकतो. अशा गोष्टी संशय घ्यायला उपयोगी पडतात, निकाल द्यायला नाही. निकाल दिला तो कातडीने. प्रबंध लिहिताना हा फरक सांभाळा. मार्गदर्शक नेमके याच जागी लाल शाईने गोल काढतात.

खोट्या चिठ्ठीने काय बिघडलं

"एका मेलेल्या घुबडाची चिठ्ठी खोटी निघाली, त्यात काय एवढं?" असं वाटू शकतं.

पक्षी नामशेष झाला की नाही हे ठरवायचं तर त्याला शोधायला हवं. शोधायचं कुठे? जिथे तो शेवटी मिळाला तिथे. आणि "शेवटची" नोंद होती १९१४ ची, मांडवीची. एस. डिलन रिप्ली, सलीम अली यांच्यासारख्या दिग्गजांनी रानपिंगळा शोधायचे प्रयत्न केले. काही हाती लागलं नाही. दशकं गेली आणि पक्षी संपला असावा असं बोललं जाऊ लागलं.

रासमुसेन यांनी उलट केलं. सगळे नमुने तपासून आधी खऱ्या ठिकाणांची यादी केली आणि मांडवी त्यातून वगळली. मग १९९७ च्या नोव्हेंबरात त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं धुंडाळली. तिथे काही नाही. मग डेव्हिडसनच्या खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी बेन किंग यांना उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. सकाळी, बरं का. घुबड म्हणजे रात्रीच बघायचं, हा आपला समज. हा पक्षी दिवसाढवळ्या हिंडतो आणि शिकार करतो.

१८८४ ते १९९७. ११३ वर्षं. आणि सापडला तो पुन्हा खानदेशातच, जिथून डेव्हिडसनने शंभर वर्षांपूर्वी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या.

त्यानंतर भारतीय अभ्यासकांनी मेळघाट, यावल, खंडवा-बऱ्हाणपूर, पुढे मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याच्या नोंदी केल्या. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा दर्जा "अतिसंकटग्रस्त"वरून "संकटग्रस्त" असा एक पायरी सुधारला. म्हणजे धोका टळलेला नाही, पण तो आहे. जो पक्षी संपलाच असं कागदावर लिहिलेलं असतं, त्याचं जंगल वाचवायला कोणी पैसा देत नाही, कोणी भांडतही नाही. खोट्या चिठ्ठीची खरी किंमत ही.

आता किनवटकडे

शहाद्याची एक गंमत सांगते. पक्षी सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता. सात-आठ महिन्यांनी, १ जुलै १९९८ ला, नंदुरबार जिल्हा झाला. त्याआधी तो पश्चिम खानदेश, आणि १९०६ च्या आधी नुसता खानदेश. गाव जागचं हललं नाही, चिठ्ठीवरचा जिल्हा मात्र तीनदा बदलला.

हे वाचताना मला माझीच फजिती आठवली. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी किनवटच्या जंगलाचे निजामकाळातले कागद "नांदेड जिल्हा" या नावाखाली शोधत बसले होते. दोन महिने. यादीमागून यादी, आणि किनवट कुठेच नाही. मला वाटलं, कागद जळले असतील किंवा आपल्या भागाची कुणी नोंदच घेतली नसेल. मागास भाग ना आपला! रडकुंडीला आले होते.

कागद होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत किनवट हैदराबाद संस्थानाच्या, पुढे हैदराबाद राज्याच्या, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यं भाषेप्रमाणे झाली तेव्हा ते नांदेडला जोडलं गेलं. म्हणजे माझे कागद हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात, आदिलाबादच्या नावाखाली. फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचं राजगोंडांवरचं १९४८ चं पुस्तकही आदिलाबादच्याच नावाने निघालेलं. मी चुकीच्या मांडवीला घुबड शोधत होते, एवढंच.

आणखी एक. त्या कागदांवर साल फसली असतं. १३५० दिसलं तर तो बहमनी काळ नव्हे, इसवी १९४०-४१ आहे. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी साल येतं.

आणखी दोन चिठ्ठ्या

परीक्षेच्या पुस्तकांतल्या आणखी दोन ओळी घेऊ. दोन्ही महाराष्ट्रातल्या. इथे चिठ्ठी खोटी नाही, आपण ती चुकीची वाचतो.

पहिली ओळ: "बॉम्बे रक्तगट फक्त मुंबईत सापडतो." नाही. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तो प्रथम ओळखला आणि "लॅन्सेट"मध्ये छापला, म्हणून त्याचं नाव बॉम्बे. नाव शोधाच्या जागेचं आहे, रक्ताच्या जागेचं नाही. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, युरोपात त्याहून फार कमी. आपल्या लाल पेशींवर "एच" नावाचा एक घटक असतो आणि त्याच्यावरच ए आणि बी उभे राहतात. बॉम्बे गटात हा पायाच नसतो. त्यामुळे साध्या तपासणीत तो सरळ "ओ" दिसतो. पण ओ गटाच्या रक्तात एच भरपूर असतो आणि या माणसाचं शरीर त्याच्यावर तुटून पडतं. ओ म्हणून ओ चढवलं तर जीव जाऊ शकतो. चिठ्ठी नीट वाचण्याचा प्रश्न इथे अक्षरशः रक्ताचा आहे.

दुसरी ओळ: "वेरूळची चित्रं गांजामुळे टिकली." २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी "करंट सायन्स"मध्ये एक अभ्यास मांडला. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि अजिंठ्याला किड्यांनी केलेलं नुकसान मोठं आहे. म्हणून किडीपासून बचाव व्हायला या तंतूंचा हात असावा, असं त्यांचं म्हणणं. मूळ शब्द "हेम्प". आता गंमत अशी की इंग्रजीत आपल्या अंबाडीलाही "डेक्कन हेम्प" म्हणतात आणि हिरवळीच्या खताच्या तागाला "सन हेम्प". तीन वेगळी झाडं, तिन्ही दोराची, नाव एकच. नुसत्या शब्दावरून भाषांतर केलं असतं तर वेरूळच्या भिंतीत कुणी अंबाडीची भाजीही घातली असती! या अभ्यासकांनी ताज्या झाडांचे तंतू आणून सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा ते भांगेचेच आहेत असं म्हटलं. आणि गांजा म्हणजे त्या झाडाचा नशेसाठी वाळवलेला फुलोरा. गिलाव्यातल्या तंतूला गांजा म्हणणं म्हणजे कडब्याला ज्वारी म्हणणं.

तुम्ही काय कराल

कुठलीही आश्चर्यकारक ओळ हातात आली की चार प्रश्न विचारा. हे पहिल्यांदा कोणी, कधी लिहिलं? त्याने ती वस्तू स्वतः पाहिली होती का? त्यातलं ठिकाण, साल आणि नाव त्या काळी कशाला म्हणत? आणि हे खोटं ठरायचं तर कुठला पुरावा लागेल? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मांडवीची नोंद ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं चालली, कारण तो प्रश्न घेऊन कुणी कातडीजवळ गेलंच नाही.

सगळ्या ओळी तपासायला वेळ मिळणार नाही, हे मलाही कळतं. परीक्षेला पाठ करा, काही हरकत नाही. पण जी ओळ तुमच्या प्रबंधात पायाचा दगड होणार आहे, ती तरी उचलून खालून बघा.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावलं. म्हटलं, "काल मी तुला चुकीचं सांगितलं." सगळी गोष्ट ऐकवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ताई, परीक्षेत काय लिहू?" मी म्हटलं, १९१४ चा पर्याय असेल तर खोड, १८८४ लिही.

जाताना त्याला आणखी एक काम दिलं. त्याच्या घरामागच्या चिंचेवर रोज संध्याकाळी पिंगळा बसतो. साधाच, ठिपक्यांचा. त्याची नोंद कर म्हटलं: तारीख, वेळ, झाड, गाव, तालुका, जिल्हा, आणि पाहणाऱ्याचं नाव. सगळं खरं आणि पूर्ण. त्याने पहिली ओळ माझ्यासमोरच लिहिली. जिल्हा लिहिताना थांबला, माझ्याकडे बघितलं आणि "नांदेड"च्या पुढे कंसात सालही टाकलं.